आधी उचलू नका

घरातलं वयस्क माणूस पडलं की पुढच्या दोन मिनिटांत काय होतं, ते आपल्याकडे घरोघरी सारखंच असतं. धप्पकन आवाज येतो, दोघंतिघं धावतात. एक जण काखेत हात घालतो, दुसरा कमरेला धरतो आणि ‘उठा, उठा, काही नाही झालं’ म्हणत त्यांना उचलून खुर्चीत बसवतात. कुणी पाण्याचं भांडं पुढे करतं. खोक पडली असेल तर हळदीचा डबा येतो, मुका मार वाटला तर मलमाची डबी उघडते आणि चोळाचोळ सुरू होते. हे सगळं मायेपोटी चाललेलं असतं, आणि यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट करू नये अशी असते.

त्यानंतर मात्र सगळे थंडावतात. रात्रभर कण्हणं चालतं, पण ‘सकाळी बघू’. सकाळी ‘कालच्यापेक्षा बरं आहे’. मग रविवार येतो, मग मुलगा दौऱ्यावरून यायचा असतो, मग कुणीतरी गावाकडच्या हाडवैद्याचं नाव सुचवतं. चौथ्या-पाचव्या दिवशी आजी पाय टेकूच देत नाहीत म्हणून एक्स-रे निघतो आणि खुब्याचं हाड मोडल्याचं कळतं. उचलायची घाई आणि दाखवायला दिरंगाई, हा आपला रिवाज. तो उलटा व्हावा, म्हणजे उचलताना थांबावं आणि दाखवताना थांबू नये, एवढ्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शस्त्रक्रिया सर्जन करतात. त्यानंतर पेशंटच्या घरी जाऊन त्याला पुन्हा उभं करणं, वॉकर धरून चालवणं, जिना चढवणं हे माझं काम. त्यामुळे सर्जनला सहसा न दिसणारी एक गोष्ट मला रोज दिसते, ती म्हणजे माणूस जिथे पडला ती जागा. दवाखान्याच्या कागदावर ‘बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या’ एवढी ओळ असते. घरी गेल्यावर दिसतं की बाथरूमला चांगला वीतभर उंबरा आहे, दिव्याचं बटण दाराआड आहे, पायपुसणं चकचकीत फरशीवर सुटं पडलंय, आणि हाताला आधार म्हणून आहे ती टॉवेल वाळत घालायची दांडी, दोन बारीक स्क्रूंवर लटकलेली. औषधांचा डबा उघडावा तर रक्तदाबाच्या दोन-तीन गोळ्या, लघवी होण्याची एक, झोपेची एक. पाय घसरला हे खरंच. पण तो घसरावा म्हणून पाचसहा गोष्टी आधीपासून जुळून बसल्या होत्या. हाड जोडलं जातं आणि माणूस त्याच बाथरूममध्ये परत जातो, त्याच गोळ्या घेऊन.

‘वय झालं, आता पडायचंच’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा मला राग येतो. दिल्लीच्या जुन्या किल्ल्यात शेरमंडल नावाची एक इमारत आहे. बादशहा हुमायूनचं ग्रंथालय तिथे होतं असं मानतात. जानेवारी १५५६ मध्ये तो तिथल्या जिन्यावरून उतरत असताना अजान ऐकू आली. तिथेच गुडघे टेकायला म्हणून तो वळला आणि पायघोळ वस्त्रात पाय अडकून दगडी पायऱ्यांवरून खाली कोसळला. डोक्याला मार लागला आणि काही दिवसांतच तो गेला. वय होतं सत्तेचाळीस. उभट पायऱ्या, पायात येणारा कपडा आणि जिन्याच्या मध्यात अचानक केलेली हालचाल. यातलं एक जरी नसतं तरी कदाचित तो सावरला असता. आजच्या घरांत ते पायघोळ वस्त्र म्हणजे टाचेखाली येणारा गाऊन किंवा सैल सुटलेल्या निऱ्या, आणि अजानच्या जागी दाराची बेल किंवा आतल्या खोलीत वाजणारा मोबाइल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अपघाती दुखापतींनी होणाऱ्या मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल क्रमांक पडण्याचाच आहे. यातले ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू आपल्यासारख्या मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या देशांत होतात, आणि सर्वांत जास्त साठीपुढच्या माणसांचे. पासष्टी ओलांडलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक वर्षातून एकदा तरी पडतात. रस्त्यासाठी निदान हेल्मेट आहे, दंड आहे, चौकाचौकांत फलक आहेत. न्हाणीघरासाठी आपल्याकडे फक्त ‘जपून हं’ एवढंच आहे.

आता प्रथमोपचाराकडे येते. तो या पुस्तिकेचा पहिला भाग आहे आणि सर्वांत महत्त्वाचाही.

पडलेल्या माणसाला पहिली मदत म्हणजे त्याच्याशेजारी जमिनीवर बसणं. उचलायचं नाही, ओढायचं नाही, बसवायचंही नाही. हात धरायचा, नावाने हाक मारायची आणि बघायचं: शुद्ध आहे का, श्वास नीट चाललाय का, रक्त कुठून येतंय का. मग विचारायचं, कुठे दुखतंय, हातापायांची बोटं हलतात का, मुंग्या येतात का. मान किंवा पाठ दुखत असेल, पाय बधिर वाटत असतील, तर जिथे आहेत तिथेच राहू द्यायचं, अंगावर चादर घालायची आणि १०८ ला फोन लावायचा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे आणि ती मोफत आहे, हे अजूनही कितीतरी जणांना ठाऊक नसतं. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे, उलटी होतेय, तर डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून कुशीवर वळवायचं. श्वासच नसेल तर १०८ ला फोन आणि लगेच छातीवर दाब देणं सुरू. त्याची रीत आत चित्रांसह दिली आहे.

खुब्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं आणि ते एका बारीक मानेवर बसलेलं असतं. हाडं ठिसूळ झालेल्या माणसाची ही मान नुसत्या उभ्या उंचीवरून पडूनही मोडते. ओळखायची खूण अशी की तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडलेलं असतं. उताण्या पडलेल्या आजीची दोन्ही पावलं बघितली तर घरातल्या कुणालाही हे कळू शकतं. पण गोम अशी की कधीकधी मोडलेलं हाड एकमेकांत रुतून बसतं; पाय आखूड होत नाही, माणूस लंगडत का होईना चालतंही, आणि ‘चालतायत ना, मग मोडलं कसलं’ असा निष्कर्ष निघतो. चार दिवसांनी ते रुतलेलं हाड सटकतं. क्वचित पहिल्या एक्स-रेमध्येही असा मोड दिसत नाही, तेव्हा एमआरआय काढावा लागतो. म्हणून पडल्यानंतर जांघेत दुखत असेल आणि त्या पायावर भार घ्यायला त्रास होत असेल, तर चालता येतंय हा पुरावा मानू नये.

चोळणं इथे सर्वांत घातक. त्या मानेतून गोल टोकाला जाणाऱ्या रक्तवाहिन्या बारीक असतात. मोडलेलं हाड हललं की त्या फाटायचा धोका वाढतो, आणि रक्तपुरवठा तुटला तर गोल टोक मृत होत जातं. ‘बॉल बदलावा लागला’ असं लोक म्हणतात त्यामागचं एक मोठं कारण हे. खुब्याची शंका असेल तर दोन्ही पायांच्या मध्ये उशी ठेवायची आणि दुखरा पाय चांगल्या पायाला ओढणीने किंवा जुन्या साडीच्या रुंद पट्ट्यांनी हलकेच बांधायचा. फळ्या शोधत बसायची गरज नाही. चांगला पाय हीच फळी. मग स्ट्रेचर येईपर्यंत हलवायचं नाही. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींत पेशंटला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघं खाली उतरवतात. मनगट मोडलेल्याला ते चालेल, खुबा किंवा पाठ दुखणाऱ्याला नाही.

मनगटाला, हाताला मार असेल तर आधी बांगड्या आणि अंगठ्या काढायच्या. सूज चढायला वेळ लागत नाही, आणि मग तीच पाटली हाताचं रक्त अडवते. इथे घराघरांत अडखळतात. हिरवा चुडा, सवाष्णीचा हात, ‘अशा कशा काढायच्या’. काचेच्या बांगड्या पडतानाच फुटून रुतलेल्या असतात तरी उरलेल्या तशाच ठेवतात. साबणाचं पाणी लावून लगेच काढाव्यात. नाहीतर शेवटी दवाखान्यात कटर चालवावा लागतो, आणि सोन्याचा तुकडा पडतो तो वेगळाच. त्यानंतर हात ओढणीच्या झोळीत घ्यावा, मुक्या मारावर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरावीस मिनिटं धरावा. घट्ट पट्ट्या आवळू नयेत, विशेषतः लहान मुलांच्या कोपराला. त्या आवळण्यामुळे रक्तपुरवठा तुटून हात कायमचा अधू होऊ शकतो.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाची घडी ठेवून दाबून धरायचं, सलग दहा मिनिटं, मधेच उचलून ‘थांबलं का’ बघायचं नाही. डोक्याची कातडी भळाभळा वाहते, त्याने घाबरून जाऊ नये. हळद, चहापावडर, कॉफी, चुना यातलं काहीही जखमेत भरू नये. टाके घालायच्या आधी ते सगळं डॉक्टरला खरवडून काढावं लागतं आणि ते दुखणं पेशंटच्या वाट्याला येतं.

पाणी, चहा, बिस्किट काहीच द्यायचं नाही. शस्त्रक्रिया लागली तर भरल्या पोटी भूल देणं जोखमीचं असतं. याला अपवाद एकच, पण तो लक्षात ठेवायलाच हवा. मधुमेहाचा माणूस घामाघूम झाला असेल, थरथरत असेल, असंबद्ध बोलत असेल, तर तो साखर उतरल्यामुळे पडला असण्याची शक्यता मोठी. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर दोनतीन चमचे साखर लगेच द्यायची. आता पुष्कळ घरांत साखर तपासायचं यंत्र असतं. ते अशा वेळी बाहेर काढायचं.

डोक्याला मार लागला असेल तर सारख्या उलट्या, गुंगी, आकडी, बोलण्यात जडपणा, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, नाकाकानातून पाणी किंवा रक्त येणं या खुणा सगळ्यांना माहीत असतात. मला सांगायचंय ते वेगळ्या गोष्टीबद्दल. माझ्या पाहण्यातले एक निवृत्त गृहस्थ, हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू. दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं, टेंगूळ आलं, बसलं, सगळे विसरले. तीनेक आठवड्यांनी ते पाय फरफटत चालू लागले. चहाचा कप बशीत ठेवताना बशीबाहेर ठेवू लागले. दुपारीही झोपून राहायचे. घरच्यांनी म्हातारपण म्हणून सोडून दिलं असतं, पण सुनेला तो कप खटकला. स्कॅन केल्यावर मेंदूच्या आवरणाखाली रक्त साकळलेलं निघालं. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, त्यामुळे तिथल्या बारीक शिरा ताणलेल्या असतात; हलक्या धक्क्यानेही त्या झिरपू लागतात आणि रक्त आठवडेच्या आठवडे थेंबथेंब साठतं. कवटीला छोटं छिद्र पाडून ते काढलं. पंधरा दिवसांत गृहस्थ पेपरातलं शब्दकोडं पहिल्यासारखं सोडवू लागले. म्हणून वॉर्फरिन, ॲसिट्रॉम, क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्याचं डोकं आपटलं तर कितीही बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. स्कॅन लागेल की नाही हे त्यांना ठरवू द्यावं. आणि पुढचे दोन महिने त्या माणसाच्या वागण्याकडे लक्ष ठेवावं.

कुठे लागलेलं नाही अशी खात्री झाल्यावर माणसाला स्वतःला उठू द्यायचं. याची एक रीत आहे आणि ती शिकावी लागते. आधी कुशीवर वळायचं. कोपरावर भार देऊन अर्धं उठायचं, दोन्ही तळवे टेकून गुडघ्यांवर यायचं आणि रांगत भक्कम खुर्चीपर्यंत जायचं. खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवायचे, बळकट पाय पुढे घेऊन पाऊल टेकायचं, हात आणि तो पाय यांचा रेटा देऊन उठायचं आणि अंग वळवून त्याच खुर्चीत बसायचं. मदत करणाऱ्याने खुर्ची आणून द्यायची आणि तोंडाने सांगत राहायचं, बस्स. काखेत हात घालून ओढल्याने निखळलेले खांदे मी पाहिले आहेत, आणि उचलायला गेलेल्या सुनेची धरलेली कंबरही. ज्येष्ठ नागरिक संघात सतरंज्या अंथरून मी हे करून घेते तेव्हा आधी सगळे लाजतात, मग हसतात, मग ‘पुन्हा एकदा’ म्हणतात. गुडघे बदललेल्यांना रांगणं जमत नाही. त्यांनी बुडावर सरकत जिन्याच्या पायरीपर्यंत किंवा बुटक्या स्टुलापर्यंत जायचं. तीही रीत आत दिली आहे.

हे शिकायचं कारण असं की पडणं जितकं वाईट, तितकंच पडून राहणं वाईट. ब्रिटनमध्ये १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की पडल्यावर तासाहून अधिक वेळ जमिनीवर पडून राहिलेल्या वृद्धांपैकी निम्मे सहा महिन्यांत गेले, मोठी दुखापत नसलेलेही. अंगाखाली दबलेले स्नायू मरू लागतात, त्यातली द्रव्यं मूत्रपिंडांवर येतात, पाठीला जखमा होतात, शरीरातलं पाणी कमी होतं. मुलं पुण्यात किंवा अमेरिकेत, दोघंच राहणारी किंवा एकटंच राहणारं माणूस, बंद फ्लॅट, आणि फोन टेबलावर: जमिनीवरून हात न पोचणारा. फोन गळ्यातल्या दोरीला किंवा गाऊनच्या खिशात असावा, न्हाणीघरात जातानाही. एक किल्ली शेजारी असावी. आणि बाथरूमची कडी आतून लावू नये. आपल्या बहुतेक फ्लॅटमध्ये बाथरूमचं दार आत उघडतं. आत पडलेल्या माणसाचं अंगच दाराला अडसर होतं आणि बाहेरून ढकलणारा त्यालाच ढकलत असतो. घराचं काम काढाल तेव्हा हे दार बाहेर उघडणारं करून घ्या. टाइल्सचा रंग निवडण्यात घालवलेल्या वेळातली पाच मिनिटं यासाठी पुरतात.

दुसरा भाग पडू नये म्हणून काय करायचं याचा. त्यातलं घराबद्दलचं बरंचसं तुम्हाला सुचेलच: भिंतीत पक्का बोल्ट मारून बसवलेला धरायचा दांडा, कोरडी आणि खरबरीत फरशी, पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा, सुटी पायपुसणी हद्दपार. दोन गोष्टी मात्र सहसा सुचत नाहीत. एक म्हणजे पायऱ्यांची उंची. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या घराच्या पायरीची उंची १९० मिलिमीटरपेक्षा जास्त आणि रुंदी २५० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्या पायऱ्या सारख्या असाव्यात. चढता-उतरता दोन पायऱ्यांतच पायाला उंचीचा अंदाज बसतो आणि पुढे तो बघत नाही. नवी फरशी बसवली की जिन्याची शेवटची पायरी इंचभर ठेंगणी होते, आणि माणूस नेमका तिथे अडखळतो. दुसरी गोष्ट नरकचतुर्दशीची पहाट. अंगाला तेल, फरशीवर तेल, त्यावर उटणं, पुरता उजेड नाही आणि सगळ्यांना घाई. त्या दिवशी आजीआजोबांच्या तळपायांना तेल लावू नये, त्यांना खुर्चीवर बसवून अंघोळ घालावी आणि फरशी साबणाने धुवून मगच पुढच्याला आत सोडावं. त्याच्या आधीच्या आठवड्यात माळ्यावरची भांडी काढायला स्टुलावर चढणाऱ्यांविषयी मी लिहीत नाही, कारण सांगून कुणी ऐकत नाही.

औषधांबद्दल मात्र ऐकावं. रक्तदाब, प्रोस्टेट, लघवी, झोप, सर्दीखोकला या सगळ्यांवरच्या काही ना काही गोळ्या उभं राहिल्यावर रक्तदाब उतरवतात किंवा गुंगी आणतात. तपासायची रीत सोपी आहे: पाच मिनिटं आडवं पडून दाब मोजायचा, मग उभं राहून तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ते डॉक्टरांना कळवायचं. मनाने गोळी बंद करायची नाही, पण वर्षानुवर्षं जुन्या चिठ्ठीवर झोपेची गोळी आणत राहणंही थांबवायला हवं. ‘ताकदीची’ म्हणून परस्पर खाल्ली जाणारी ड जीवनसत्त्वाची पुडी तेवढीच जपून घ्यावी. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिटांचा डोस देऊन पाहिला, तर २०१० साली हाती आलेला निष्कर्ष असा की त्या न घेणाऱ्यांपेक्षा जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. शाकाहारी घरांत ब१२ कमी असण्याचं प्रमाण मोठं आहे आणि त्याने पायांची जाणीव बोथट होते. ते मात्र तपासून घ्यावं. मोतीबिंदू ‘पिकायची’ वाट बघू नये. चष्मा दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर जिना उतरताना खालची पायरी धूसर दिसते, त्यासाठी फक्त लांबचा चष्मा वेगळा ठेवावा.

पन्नाशी-पंचावन्नच्या बाईचं मनगट मोडलं की प्लास्टर घालून विषय संपतो, तसा तो संपू नये. डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलेस यांनी या मोडीचं वर्णन १८१४ साली केलं, एक्स-रेचा शोध लागायच्या ऐंशी वर्षं आधी, केवळ हात चाचपून. आज आपल्याला हाडांची घनता मोजता येते. मनगट ही पहिली सूचना असते, आणि तेव्हाच हाडांवर उपचार सुरू केले तर पंधरा वर्षांनी खुबा मोडायचा धोका खूप कमी होतो.

आता माझ्या स्वतःच्या विषयावर, म्हणजे व्यायामावर. २०१९ मध्ये १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेवीस हजारांहून अधिक लोकांचा. नियमित व्यायाम करणाऱ्यांचं पडणं सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालं होतं. व्यायाम म्हणजे नुसतं बागेत चालणं नव्हे. तोल सांभाळण्याचा आणि मांड्या बळकट करण्याचा. ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालणं. औषधाच्या एखाद्या गोळीने एवढा फरक पाडला असता तर कंपन्यांनी गावोगावी जाहिराती लावल्या असत्या. स्वतःची परीक्षा घरीच घेता येते: खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडायचा धोका आहे असं समजून तपासणी करून घ्या.

काठी घेणं हा अनेक पुरुषांना अपमान वाटतो. म्हणून ते उन्हाळ्यातही छत्री घेऊन फिरतात. छत्रीचं टोक गुळगुळीत असतं, ते ओल्या फरशीवर सटकतं आणि छत्रीसकट आजोबा जातात. काठी मनगटाच्या रेषेइतकी उंच असावी, खालचं रबर झिजलेलं नसावं, आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. सिनेमात दहापैकी नऊ जण ती चुकीच्या हातात धरतात.

सर्वांत अवघड प्रकरण भीतीचं. एकदा पडलेलं माणूस घाबरतं, कमी चालतं, कमी चालल्याने मांड्या वाळतात आणि पुढचं पडणं जवळ येतं. घरचे त्यात भर घालतात. ‘तुम्ही बसा हो, आम्ही आणतो’ या प्रेमळ वाक्याने जितक्या म्हाताऱ्यांचे पाय गेले तितके कुठल्या आजाराने गेले नसतील, असं माझं मत झालं आहे. मुलांचा धाक आणखी वेगळा. कितीतरी बायका पडल्याचं सांगतच नाहीत, का तर मुलगा म्हणेल आता देवळात जायचं नाही, आता एकटं राहायचं नाही. अंगावर काळेनिळे डाग दिसले तर ‘कडीला लागलं’ सांगतात. त्यामुळे पहिलं पडणं, ज्यातून बरंच काही कळलं असतं, ते लपून राहतं आणि थेट दुसऱ्या-तिसऱ्या पडण्याला खुबा मोडतो. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी चारपाच जणांत एक जण वर्षभरात जातो, असं अनेक देशांतले अभ्यास सांगतात. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ही शस्त्रक्रिया दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हायला हवी. म्हणून ‘या वयात कशाला चिरफाड’ म्हणत आठवडा घालवू नका. अंथरुणाला खिळवून ठेवणं ही काही दया नव्हे. माणूस राहायचं तर ते लवकर उभं करूनच राहतं.

कोकणातले आंबे-नारळ काढणारे, पावसाळ्यापूर्वी सिमेंटच्या पत्र्यावर चढणारे, खिडकीच्या जाळीशी खेळणारी मुलं यांच्यासाठी शेवटी एकेक छोटं प्रकरण आहे. उंचावरून पडलेल्या माणसाच्या बाबतीत पाठीचा कणा मोडला आहे असं धरूनच चालायचं, इतकंच इथे सांगते.

ज्येष्ठ नागरिक संघांमधल्या व्याख्यानांनंतर लोक जे प्रश्न विचारत, त्यांतून ही पुस्तिका तयार झाली. वैद्यकीय मजकूर अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासून दिला आहे. वाचून झाल्यावर ती कपाटात ठेवू नका. आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना एकदा शांतपणे विचारा, ‘गेल्या वर्षभरात कधी पडलात का?’ आणि उत्तर ‘हो’ आलं तर रागावू नका. पुस्तिकेचं शेवटचं पान फाडून फ्रिजच्या दारावर लावा. त्यावर १०८ छापलेलं आहे. घरच्या डॉक्टरांचा नंबर, किल्ली ठेवलेल्या शेजाऱ्यांचा नंबर आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं नाव या तीन जागा रिकाम्या सोडल्या आहेत. त्या आजच भरा.